कळा देणारी बाई आडवी कधी झाली

२००१ साली इजिप्तमधल्या अबायडोस इथे पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाचं पथक उत्खनन करत होतं. त्यांना न भाजलेल्या मातीची एक वीट सापडली, सुमारे ३७०० वर्षांपूर्वीची. विटेवर रंगांनी एक आई काढली आहे. नुकतंच जन्मलेलं मूल हातांत धरून ती बसली आहे आणि तिच्या मागेपुढे तिला सांभाळणाऱ्या बायका आहेत. अशा विटांवर पाय रोवून इजिप्तच्या बायका बाळंत होत, हे जुन्या लेखनावरून माहीत होतं. खुद्द वीट मात्र त्याआधी कुणी पाहिली नव्हती. तिथल्या चित्रलिपीतलं जन्माचं चिन्हही हेच दाखवतं: गुडघ्यांवर बसलेली बाई आणि तिच्या खालून बाहेर येणारं बाळाचं डोकं.

इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात सोरेनस नावाच्या ग्रीक वैद्याने स्त्रीरोगांवर ग्रंथ लिहिला. त्यात सुईण कशी असावी हे जसं सांगितलं आहे, तसं बाळंतपणाच्या खुर्चीचंही बारकाईने वर्णन आहे. बैठकीला चंद्रकोरीसारखी खाच, कळ आली की घट्ट धरायला हात, पाठीमागे आधार देणारी एक बाई, आणि समोर खाली बसलेली सुईण. ही खुर्ची पुढे दीड हजार वर्षं युरोपात टिकली. १५१३ मध्ये जर्मनीत ऑयखारियस र‍्योस्लिनने सुइणींसाठी पुस्तक छापलं, त्यातही तिचं चित्र आहे. खुर्चीचा अर्थ एवढाच, की बाई बसलेली असे आणि तिला हात लावणारा माणूस तिच्यापेक्षा खालच्या पातळीवर असे.

आपल्या दख्खनच्या मातीतही अशा खुणा आहेत. तेरसारख्या जुन्या गावांत लज्जागौरीच्या छोट्या मूर्ती मिळाल्या आहेत. गुडघे दुमडून बाजूला फाकवलेले, आणि शिराच्या जागी कमळ. रा. चिं. ढेऱ्यांनी या देवीवर आख्खं पुस्तक लिहिलं. ही मुद्रा प्रसूतीची की समागमाची, यावर अभ्यासकांचं एकमत नाही, त्यामुळे तिला पुरावा म्हणून पुढे करायला मी धजत नाही. दक्षिणेतल्या देवळांच्या कोरीवकामात मात्र दोन्ही बाजूंनी सख्यांनी धरलेली, उभ्याउभ्याच बाळंत होणारी बाई स्पष्ट दिसते.

पण ‘आपल्याकडे सगळ्या बायका उकिडव्याच बाळंत होत आणि आडवं पाडलं ते इंग्रजांनी’ असं म्हणणं खरं नाही. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात कळा सुरू झालेल्या बाईला मऊ, रुंद शय्येवर, उशी देऊन, मांड्या दुमडून उताणं निजवायला सांगितलं आहे. तिच्याभोवती चार बायका असाव्यात: वयाने मोठ्या, बाळंतपणात मुरलेल्या, ज्यांची भीती वाटणार नाही अशा, आणि नखं कापलेल्या. नखांची ही अट वाचताना मी दर वेळी थांबते. हात धुवा हे युरोपला सांगताना एका माणसाचं आयुष्य खर्ची पडलं, त्याची गोष्ट पुढे येईलच.

चरकसंहितेत तर या विषयावर चक्क वाद आहे. काहींचं मत असं, की कळा लागलेल्या बाईच्या हाती मुसळ द्यावं आणि उखळातलं धान्य कांडायला लावावं, म्हणजे मोकळीक लवकर होते. संहितेतले गुरू आत्रेय ते मोडून काढतात. या नाजूक वेळी असली दणकट मेहनत नको, तिने चालावं, फिरावं. आणि आणखी एक गोष्ट ते बजावतात: कळ आलेली नसताना तिला जोर लावायला सांगू नका. आजच्या लेबर रूममध्ये ‘जोर लाव, जोर लाव’ असा ओरडा चालतो, त्याला दोन हजार वर्षांपूर्वीच उत्तर देऊन ठेवलं आहे. आनंदीबाई जोशी यांनी १८८६ मध्ये फिलाडेल्फियातल्या विमेन्स मेडिकल कॉलेजात पदवीसाठी प्रबंध लिहिला, तो प्राचीन हिंदूंच्या प्रसूतिशास्त्रावरच होता. ज्या शहरात त्या शिकल्या तिथलं प्रसूतिशास्त्र तेव्हा वेगळ्याच वाटेने चाललं होतं.

ती वाट पॅरिसहून निघाली. सतराव्या शतकात तिथल्या श्रीमंत घरांत बाळंतपणाला पुरुष शल्यवैद्य बोलावण्याची चाल पडली. चौदाव्या लुईला आपल्या प्रेयसीचं बाळंतपण पडद्याआडून पाहायचं होतं म्हणून तिला आडवं केलं, अशी एक कथा फार सांगितली जाते. तिला भक्कम आधार नाही. आधार आहे तो फ्रांस्वा मोरिसो या शल्यवैद्याच्या १६६८ च्या ग्रंथाचा. मोरिसोने खुर्ची बाजूला सारून बिछान्याचा पुरस्कार केला. त्याचं कारण साधं होतं: बाळंत झाल्यावर बाईला उचलून हलवावं लागत नाही. आणि त्यानेही तिला सपाट झोपवलेलं नाही, डोकं आणि छाती उंच ठेवून अर्धवट बसतं केलं आहे. पण एकदा बिछाना आला की पातळ्या बदलल्या. आता वैद्य उभा आणि बाई खाली.

त्याच सुमारास चिमटा आला. इंग्लंडमधल्या चेंबरलेन घराण्याने अडलेलं मूल ओढून काढण्याचा चिमटा तयार केला आणि शंभर वर्षांहून जास्त काळ तो घराण्याचं गुपित म्हणून ठेवला. १६७० मध्ये ह्यू चेंबरलेन हे गुपित विकायला पॅरिसला गेला. मोरिसोने त्याला एक बाई दाखवली. मुडदुसाने तिच्या कंबरेची हाडं आक्रसली होती. चेंबरलेनने तासन्‌तास खटपट केली, पण मूल निघालं नाही आणि ती बाई गेली. सौदाही फिसकटला. तिचं नाव कुणी नोंदवून ठेवलेलं नाही. १८१३ मध्ये एसेक्समधल्या एका जुन्या घराच्या माळ्यावर, फळ्यांखाली, चेंबरलेनांची ती हत्यारं सापडली.

चिमट्याला वाईट म्हणायचं माझ्या मनात नाही. त्याने खूप बायका आणि मुलं वाचवली. त्याआधी अडलेलं मूल पुष्कळदा तुकडे करूनच काढावं लागे. पण चिमटा चालवायचा तर बाई उताणी हवी, पाय वर आणि बाजूला हवेत, आणि वैद्याला समोर जागा हवी. मुतखडा काढण्यासाठी शल्यवैद्य रोग्याला फार पूर्वीपासून असंच बांधत. तीच स्थिती बाळंतपणात आली. अडलेल्या बाईसाठी ती गरजेची होती. पुढच्या दोन शतकांत ती न अडलेल्या बाईवरही लादली गेली, आणि माझ्या मते सगळी गोष्ट या एका वाक्यात आहे. ही चाल सगळीकडे सारखी पसरली नाही, हेही सांगितलं पाहिजे. इंग्लंडात बाईला डाव्या कुशीवर वळवून बाळंत करण्याची पद्धत दीर्घकाळ होती. पाठीवरच हवी हा हट्ट जास्त करून फ्रान्स आणि अमेरिकेतला.

एकोणिसाव्या शतकात प्रसूतिगृहं वाढली. तिथे येत त्या गरीब, निराधार, अविवाहित बायका. बाकीच्या घरीच बाळंत होत, आणि त्यांचं नशीब बरं म्हणायचं, कारण प्रसूतिगृहांत सूतिकाज्वर, म्हणजे बाळंतिणीचा जीवघेणा ताप, होता. व्हिएन्नाच्या मोठ्या इस्पितळात दोन विभाग होते. पहिल्यात वैद्यकीचे विद्यार्थी शिकत, दुसऱ्यात सुइणी. १८४१ ते १८४६ या काळात पहिल्या विभागात दर शंभर बायकांमागे जवळपास दहा मरत, दुसऱ्यात चारच्या आत. इग्नाझ सेमेलवाइस हा तरुण डॉक्टर या फरकाचं कारण शोधत होता. त्याने एक गोष्ट टिपली: पहिल्या विभागात बायका पाठीवर बाळंत होतात, दुसऱ्यात कुशीवर. त्याने पहिल्या विभागातही कुशीवर बाळंतपणं करून पाहिली. काही फरक पडला नाही. पुढे कळलं की विद्यार्थी प्रेतांची चिरफाड करून तसेच बाळंतिणींकडे येत. १८४७ मध्ये त्याने क्लोरीनच्या पाण्याने हात धुण्याची सक्ती केली आणि मृत्यू झपाट्याने उतरले. त्याची कदर झाली नाही. १८६५ मध्ये तो वेड्यांच्या इस्पितळात मेला.

सेमेलवाइसचा हा प्रयोग मला महत्त्वाचा वाटतो. बाईला उठवून बसवलं की सगळे प्रश्न सुटतात असं मानणाऱ्यांना तो जागेवर आणतो. जंतू स्थिती पाहत नाहीत. पुढे सल्फाची औषधं, पेनिसिलिन, रक्तपेढ्या, सुरक्षित सिझर आलं आणि बायकांचे जीव वाचले ते यांमुळे. पण यांतल्या एकाही गोष्टीसाठी निरोगी बाईला तासन्‌तास पाठीवर पाडून ठेवायची गरज नव्हती. या दोन गोष्टी एकाच दारातून आत आल्या, म्हणून त्या एकच आहेत असं आपण समजून बसलो.

१८४७ मध्येच एडिंबरोच्या जेम्स सिम्प्सनने बाळंतपणात क्लोरोफॉर्म वापरला. ७ एप्रिल १८५३ रोजी व्हिक्टोरिया राणीने लिओपोल्डच्या जन्मावेळी तो घेतला, देणारा जॉन स्नो. त्यानंतर वेदना सोसणं हाच स्त्रीधर्म मानणाऱ्यांचा आवाज बसला, ते चांगलंच झालं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मनीत फ्रायबुर्गच्या डॉक्टरांनी मॉर्फिन आणि स्कोपोलामिन मिसळून एक गुंगी काढली. बाई शुद्धीत असल्यासारखी असे, ओरडे, तडफडे, पण नंतर तिला काहीच आठवत नसे. १९१४ मध्ये अमेरिकेत ती गुंगी आपल्याला मिळावी म्हणून बायकांनीच चळवळ उभारली, त्यात मताधिकारासाठी लढणाऱ्याही होत्या. त्यांना मूर्ख ठरवू नये. घरातल्या बाळंतपणात आई, बहीण, मैत्रीण मेलेली त्यांनी पाहिली होती. पण या गुंगीसाठी बाईला इस्पितळात आणून, अंगाला इजा करून घेऊ नये म्हणून बांधून ठेवावं लागे. १९२० मध्ये शिकागोच्या जोसेफ डीलीने तर मांडलं, की प्रसूती ही मुळात विकृतीच आहे. म्हणून प्रत्येक पहिलटकरणीला गुंगी द्यावी, छेद घ्यावा आणि चिमट्याने मूल काढावं. त्याच्या या सूचना अमेरिकेत नेहमीच्या होऊन बसल्या. १९०० मध्ये तिथल्या वीसातल्या एकोणीस बायका घरी बाळंत होत. १९५५ च्या सुमारास वीसातल्या एकोणीस इस्पितळात.

१९५८ मध्ये ‘लेडीज होम जर्नल’ या अमेरिकी मासिकाने प्रसूतिकक्षांतल्या क्रौर्याबद्दल लेख छापला. सुरुवात एका नर्सच्या पत्राने झाली होती. मग बायकांची पत्रं येत राहिली. हातपाय पट्ट्यांनी बांधून टेबलावर तासन्‌तास ठेवलेल्या बायका, डॉक्टर यायचे आहेत म्हणून पाय जोडून धरलेल्या बायका. ही पत्रं लिहिणाऱ्या श्रीमंत देशातल्या, शिकलेल्या, पैसे भरून दाखल झालेल्या होत्या.

नैसर्गिक बाळंतपणाच्या कल्पनेचा उगम सहसा ग्रँटली डिक-रीड या इंग्रज डॉक्टरपाशी दाखवतात. त्याचं ‘नॅचरल चाइल्डबर्थ’ हे पुस्तक १९३३ मध्ये आलं. लंडनच्या व्हाइटचॅपल भागातल्या एका दरिद्री खोपटात तो बाळंतपणाला गेला होता. त्या बाईने क्लोरोफॉर्म नाकारला आणि शांतपणे बाळंत झाली. का नाकारला, असं विचारल्यावर, दुखायला नकोच असतं ना, अशा अर्थाचं काहीतरी ती निरागसपणे बोलली. त्यावरून डिक-रीडने साखळी बांधली: भीतीने अंग ताठतं, ताठलेल्या अंगाने वेदना वाढते, वेदनेने भीती. त्याचं हे निरीक्षण आजही मोलाचं आहे. त्याच्या बाकीच्या विचारांना मात्र मी पाठ फिरवते. ‘रानटी’ जमातींच्या बायका सहज बाळंत होतात, असं तो खुशाल लिहीत असे. त्यांच्यातल्या किती मरतात हे त्याने पाहिलं नव्हतं. आईपण हेच बाईचं सार्थक असंही त्याला वाटे. नैसर्गिक बाळंतपणाच्या झाडाला हे कीड लागलेलं मूळ आहे, आणि आज कुणी ‘आदिवासी बायका बघा, शेतात बाळंत होतात आणि कामाला लागतात’ म्हणालं की त्याच मुळाची चव येते.

दुसरं मूळ सोव्हिएत युक्रेनमध्ये आहे. खारकिवच्या वेल्व्होव्हस्की या डॉक्टरने पाव्हलोव्हच्या सिद्धान्तावरून बायकांना कळांच्या वेळी श्वास आणि लक्ष कसं वळवायचं ते शिकवलं. १९५१ मध्ये सोव्हिएत सरकारने ही पद्धत देशभर लागू केली. त्याच वर्षी फेर्नां लामाझ हा फ्रेंच डॉक्टर तिथे गेला आणि पाहून थक्क झाला. पॅरिसला परतल्यावर धातुकामगार संघटनेच्या प्रसूतिगृहात त्याने ती सुरू केली. कम्युनिस्टांची पद्धत म्हणून गदारोळ झाला, पण १९५६ मध्ये खुद्द पोप बाराव्या पायसने तिला हरकत नाही असं जाहीर केलं. लामाझच्या वर्गांत नवराही येऊ लागला, बाई शुद्धीत राहिली. आज पुण्यामुंबईत गरोदर बायकांचे जे वर्ग चालतात त्यांतले श्वासाचे व्यायाम थेट त्याच ओळीतले आहेत. पण लामाझची बाई तयारीने आली तरी चढली टेबलावरच.

फ्रेडरिक लबॉये या फ्रेंच डॉक्टरचं १९७४ चं पुस्तक बाळाच्या बाजूने बोललं. मंद उजेड, शांतता, नाळ लगेच न कापणं, बाळाला उलटं टांगून चापट न मारणं. लबॉये भारतात येत असे. कोलकात्यात रस्त्याकडेला बसून बाळाला तेल लावणाऱ्या शांतला नावाच्या एका बाईला त्याने पाहिलं आणि १९७६ मध्ये तिच्या मालिशीवर पुस्तक केलं. फ्रान्सपासून ब्राझीलपर्यंत बाळाच्या मालिशीला त्यानंतर ‘शांतला’च म्हणू लागले. आपल्याकडे पायांवर बाळ घेऊन तेलपाणी करणाऱ्या बाईला हे सांगितलं तर ती काय म्हणेल कोण जाणे! लबॉयेच्या लेखनात आई मात्र मागेच राहते, हा बायकांचा आक्षेप मला रास्त वाटतो.

टेबलच काढून टाकलं ते मिशेल ओदांने. पॅरिसच्या दक्षिणेला पितिव्हिए या छोट्या गावच्या सरकारी इस्पितळात तो १९६२ पासून होता. मूळचा शल्यवैद्य. सुइणींबरोबर काम करताना त्याने एक खोली केली: खाली बसकी गादी, उशा, एक लाकडी खुर्ची, मंद दिवा, आणि कळा सोसायला कोमट पाण्याचा हौद. बाईने हवं तसं राहावं. बहुतेकींना उभं राहून, कुणीतरी मागून काखांत धरलेलं आवडे.

आडवेपणाला विज्ञानातून उत्तर दिलं ते दक्षिण अमेरिकेने, आणि या माणसांची नावं आपल्याकडे फारशी कुणी घेत नाही. उरुग्वेची राजधानी माँटेव्हिडिओ इथे रोबेर्तो काल्देयरो-बार्सिया यांनी कळांचा जोर मोजण्याचं तंत्र बसवलं. आजही जगभर कळा मोजायच्या एककाला माँटेव्हिडिओचं नाव आहे. म्हणजे हा माणूस यंत्रांचा शत्रू नव्हता, यंत्रं बनवणाराच होता. आणि मोजून मोजून तो याच निष्कर्षाला आला की कळा देणाऱ्या बाईसाठी पाठीवर झोपण्याइतकी वाईट स्थिती क्वचितच असेल. कारण शरीराची रचनाच तशी आहे. उताणं झोपलं की भरलेलं गर्भाशय पोटातल्या मोठ्या रक्तवाहिन्यांवर रेलतं. आईचं रक्त हृदयाकडे परतायला अडतं आणि वारेकडे जाणारं रक्त, म्हणजेच बाळाचा प्राणवायू, कमी होतो. माकडहाड गादीला दाबलं गेल्याने मागे सरकू शकत नाही, त्यामुळे बाळाची वाट अरुंद होते. आणि जन्ममार्गाच्या वळणामुळे बाईला बाळ जवळजवळ वरच्या दिशेने ढकलावं लागतं. उभी, गुडघ्यांवर किंवा उकिडवी असली तर बाळाचं वजनच तिला मदत करतं.

ब्राझीलच्या कुरितिबा शहरातल्या मोइझेस पासिओर्निक यांनी कायंगांग आदिवासी बायकांची तपासणी केली. उकिडव्या बाळंत होणाऱ्या, पुष्कळ मुलं झालेल्या या बायकांचे ओटीपोटाखालचे स्नायू शहरी बायकांपेक्षा धडधाकट दिसले, म्हणून त्यांनी आपल्या दवाखान्यात उकिडव्या बाळंतपणांची सोय केली आणि १९७९ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. अमेरिकेत टेनेसीच्या एका वसाहतीत आयना मे गॅस्किन १९७१ पासून सुईणपण करत होती. मुलाचं डोकं बाहेर आलं आणि खांदा अडकला तर ती आईला पटकन हातागुडघ्यांवर उलटवत असे. अनेकदा त्या हालचालीनेच खांदा सुटे. ही युक्ती ग्वाटेमालातल्या मूळनिवासी सुइणींकडून तिच्यापर्यंत आली होती. १९९८ मध्ये अशा ८२ बाळंतपणांचा तपशील वैद्यकीय नियतकालिकात छापून आला आणि युक्ती पाठ्यपुस्तकांत गेली. त्या ग्वाटेमाली सुइणींची नावं तिथे नाहीत, हे मला टोचतं.

एप्रिल १९८५ मध्ये ब्राझीलच्याच फोर्तालेझा शहरात जागतिक आरोग्य संघटनेने बैठक भरवली. सिझरचं प्रमाण शंभरात दहा-पंधरापेक्षा जास्त असण्याचं समर्थन होत नाही, हे तिथलं वाक्य सगळ्यांना ठाऊक असतं. त्याच ठरावात पाय वर अडकवून उताणं झोपवू नये, कळांत बाईला चालू-फिरू द्यावं, स्थिती तिची तिने ठरवावी असंही लिहिलं होतं. ते कुणी फारसं वाचलं नाही.

त्यानंतर पुरावे गोळा होत गेले. अनेक चाचण्यांचा एकत्र आढावा सांगतो, की पहिल्या टप्प्यात चालत्या-बसत्या राहिलेल्या बायकांच्या कळांचा काळ सव्वा तासाहून अधिक घटतो आणि सिझरही कमी होतात. ग्वाटेमालात १९८० च्या सुमारास केलेल्या अभ्यासात दिसलं, की कळांच्या सबंध काळात एक अनोळखी पण प्रेमळ बाई नुसती सोबत बसली तरी बाळंतपण लवकर होतं. दुसरी बाजूही लिहिते. दुसऱ्या टप्प्यात, म्हणजे मूल बाहेर ढकलताना, बसून बाळंत होणाऱ्यांत रक्तस्राव थोडा जास्त नोंदला जातो. पाठीत भूल दिलेल्या पहिलटकरणींवर इंग्लंडात झालेल्या मोठ्या चाचणीत २०१७ मध्ये असं निघालं, की त्यांना बसण्यापेक्षा कुशीवर झोपणंच जास्त फायद्याचं. बाईनुसार आणि वेळेनुसार उत्तर बदलतं, म्हणूनच एका ठरावीक टेबलाला विरोध.

आणि एक काळी नोंद इथे हवीच. इंग्लंडमधल्या मोरकंब खाडीच्या परिसरातल्या एका इस्पितळात अकरा बाळं आणि एक आई टाळता येण्याजोग्या कारणांनी गेली. २०१५ च्या चौकशी अहवालात एक कारण असं नोंदलं गेलं, की काही सुइणी कोणत्याही किमतीवर नैसर्गिक बाळंतपणाचा आग्रह धरत होत्या आणि धोका दिसूनही डॉक्टरांना उशिरा बोलावत होत्या. २०१७ मध्ये तिथल्या सुइणींच्या संघटनेने ‘नॉर्मल बर्थ’ची मोहीम गुंडाळली. आग्रहाचं रूपांतर अहंकारात झालं की बाईचं शरीर पुन्हा दुसऱ्याच कुणाचं तरी रणांगण होतं. सिझर झालेल्या आईला आपण हरलो असं वाटायला लावणारं नैसर्गिकपण मला नको आहे.

महाराष्ट्रात ही सगळी कहाणी दोन पिढ्यांत कोंबून घडली. खेड्यात बाळंतपण करणारी सुईण पुष्कळदा मांग किंवा महार वस्तीतली असे. आढ्याला बांधलेला दोर धरून उकिडवं बसवायचं, मागून गुडघा लावून आधार द्यायचा, पोट चोळायचं, बाळ आडवं आहे का ते हाताने ओळखायचं, हे तिचं ज्ञान होतं. विटाळाचं म्हणून ते काम तिच्या गळ्यात, आणि बारसं झालं की त्याच घराचा उंबरा तिला बंद. तिच्याजवळ उकळलेलं पातं नव्हतं, रक्त थांबवायचं औषध नव्हतं. मुलं धनुर्वाताने जात, बायका वार अडकून जात. अंधाऱ्या, धुरकट खोलीतल्या त्या बाळंतपणांचे गोडवे मला गायचे नाहीत. १८८६ मध्ये मुंबईत कामा हॉस्पिटल सुरू झालं, पुढे पुण्यात रमाबाई रानड्यांच्या सेवासदनने नर्स आणि सुइणी शिकवायला घेतल्या, तेव्हा विधवांना मानाची भाकरी मिळाली आणि बायकांना बायकांच्या हातची वैद्यकी. पण त्या शिक्षणात जुन्या सुइणीचे हात मात्र कुठेच उतरले नाहीत.

गडचिरोलीत राणी आणि अभय बंग यांनी वेगळी वाट काढली. गावातल्याच बायकांना आरोग्यदूत केलं, दायांना सोबत घेतलं, आणि १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापलेल्या त्यांच्या कामाने दाखवलं, की घरच्या घरी नवजात बाळांची नीट काळजी घेतली तर त्यांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी होतात. देशाने मात्र २००५ मध्ये जननी सुरक्षा योजनेतून दवाखान्याची वाट धरली. निकाल डोळ्यांसमोर आहे. १९९७-९८ मध्ये देशात दर लाख जन्मांमागे ३९८ माता मरत, २०१८-२० मध्ये ९७, महाराष्ट्रात ३३. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार राज्यात ९४.७ टक्के बाळंतपणं दवाखान्यात झाली. हे गमावून चालणार नाही. पण त्याच पाहणीत राज्यातलं सिझरचं प्रमाण २५.४ टक्के आहे, आणि देशभरातल्या खासगी दवाखान्यांत ४७.४ टक्के. सरकारी कक्षात सिझर कमी, पण तिथे बाई एकटी. आईला, सासूला दाराबाहेर थांबवतात. आत पोट दाबतात, वेळ वाचावा म्हणून कळांचं सलाईन लावतात, ओरडलीस तर ‘तेव्हा नाही ओरडलीस ते’ असं ऐकवतात. हे वाक्य ऐकलेली बाई महाराष्ट्राच्या कोणत्याही जिल्ह्यात भेटेल.

कागदावर हे बदललं आहे. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्राने ‘लक्ष्य’ कार्यक्रम आणला. त्यात कळा देणाऱ्या बाईजवळ तिचं माणूस असावं, तिने सोयीची स्थिती निवडावी, असं आहे. २०१८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तेच पुन्हा सांगितलं, आणि तासाला एक सेंटिमीटर गर्भाशयाचं तोंड उघडलंच पाहिजे हा जुना हिशेब प्रत्येक बाईला लावू नका असंही म्हटलं. त्याच वर्षी नर्सना अठरा महिन्यांचं प्रशिक्षण देऊन सुइणी तयार करण्याचं धोरण देशाने स्वीकारलं. तेलंगणात हैदराबादच्या फर्नांडिस हॉस्पिटलच्या मदतीने ते काम त्याआधीच सुरू झालं होतं.

आपल्या जिल्हा रुग्णालयांत हे उतरवायचं तर सुरुवात पडद्यांपासून करावी लागेल. एका खोलीत चार उघडी टेबलं असतील तर एकीच्या आईला आत घेताना बाकी तिघींची अब्रू जाते, म्हणून कुणाच्याच आईला घेत नाहीत. मग जमिनीवर जाड चटई, भिंतीला धरायला दांडा, एक बुटकं स्टूल. रात्रपाळीला एका सिस्टरकडे चार-पाच बायका असतील तर कुठलीही सिस्टर त्यांना आडवंच ठेवील, कारण तपासायला तेच सोपं पडतं. तेव्हा माणसं वाढवावी लागतील. आणि बाळ हातात घेणाऱ्याला खाली, चटईवर बसायला शिकावं लागेल. नर्सिंग आणि वैद्यकीच्या मुलांना ते आज क्वचितच कुणी शिकवतं. ज्या म्हाताऱ्या दायांना ते येतं त्या अजून काही गावांत आहेत, आणि त्यांना वर्गात बोलावून मानधन देऊन शिकवायला लावण्याइतका वेळ अजून हातात आहे.